पुरातून कुणी काढलं

माझ्या कथांवर एक आक्षेप नेहमी येतो. माझ्या कथेत जो कुणी ‘मी’ म्हणून बोलत असतो, त्याच्या बोलण्याचा भरवसा धरता येत नाही. पहिल्या पानावर तो एक सांगतो, चौथ्या पानावर दुसरंच, आणि आधी आपण काय म्हणालो होतो हे त्याच्या गावीही नसतं. एका बाईंनी मला भर सभेत विचारलं होतं, “तुम्ही वाचकाला मुद्दाम फसवता का हो?” मी म्हटलं, “नाही बाई. मला गोष्ट सांगायला शिकवलं तेच मुळी अशा माणसानं.” लोक हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करते आहे.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायची.

माझं माहेर पोखर्णीच्या बाजूचं. राज्य निजामाचं, शाळेत सगळा कारभार उर्दूतून, आणि मुलींना तर शाळाच नव्हती. वडिलांनी मला घरीच मराठी वाचायला-लिहायला शिकवलं. लग्न होऊन मी पूर्णेकाठच्या एका गावात आले, येलदरीच्या खालच्या अंगाला. आज तिथं वर धरण आहे. तेव्हा नदी मोकळी होती, आणि पाऊस वरच्या मुलखात पडला तरी पाणी आमच्या उंबऱ्याशी यायचं.

घरात माणसं मोजकीच. मामा, सासूबाई, माझे यजमान आणि मोठ्याबाई. मोठ्याबाई म्हणजे मामांच्या थोरल्या भावाची बायको. थोरले मी यायच्या आधीच वारले होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. मोठ्याबाई आमच्याच घरात राहायच्या, कमी बोलायच्या, आणि त्यांनी पाखडलेल्या धान्यात खडा म्हणून सापडायचा नाही.

मामांची दोन कामांसाठी ख्याती होती. एक, साक्ष. बांधावरून भांडण लागलं की लोक तालुक्याच्या कचेरीत जायच्या आधी आमच्या ओट्यावर यायचे. कोणाच्या आजानं चिंच कुठं लावली, नाला आधी कुठून वाहत होता, हे मामांना पाठ. ते सांगतील ते दोन्ही बाजू मानायच्या. दुसरं, गोष्टी. आमच्या शेतात कापूस वेचायला बाया हौसेनं यायच्या, कारण मामा शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून गोष्ट सांगायचे. बायांचे हात चालू, मामांचं तोंड चालू. खोटं वाटावं असं खरं आणि खरं वाटावं असं खोटं, दोन्ही त्यांना जमायचं. पण एक गोष्ट ते खरी म्हणून सांगायचे, आणि तीच सगळ्यांची आवडती होती.

गोष्ट पुराची. थोरल्यांचं लग्न होऊन काही वर्षं झाली होती. नवरी वयात आली, तेव्हा तिला नांदायला आणायला दोघे भाऊ बैलगाडी घेऊन गेले. परत येताना नदीचा उतार ओलांडायचा होता. पाणी गुडघाभर. गाडी मधोमध आली आणि वरून लोंढा आला. बैल सुटले, गाडी कलंडली, नवरी वाहत जाऊन एका बाभळीला अडकली. भाऊ कसेबसे काठाला लागले. मग थोरल्यांनी गाडीचा नाडा, जाड दोर, कमरेला बांधला आणि परत पाण्यात उडी टाकली.

“आन् मी?” मामा विचारायचे.

बाया एका सुरात म्हणायच्या, “तुमी काठावर!”

“मी काठावर! नाड्याचं दुसरं टोक मपल्या हातात, आन् पाय असे लटलट लटलट!” मामा उठून पाय कापवून दाखवायचे. बाया हसून हसून खाली बसायच्या. “दादा होता मनून वैनी हाय. मी असतो तर नाडाबी गेला असता आन् वैनीबी.”

स्वतःला हसणारा सांगणारा लोकांना नेहमीच खरा वाटतो. मलाही वाटला.

माझ्या लग्नाला काही वर्षं झाली असतील, तेव्हा मामांचं डोकं हळूहळू सुटायला लागलं. सुरुवात अगदी साधी. जेवून हात धुतले की विचारायचे, “आज सैपाक न्हाई का?” आम्हाला वाटलं, चेष्टा करतात. मग एकदा दुसऱ्याच्या गोठ्यातले बैल सोडून आमच्या गोठ्यात आणून बांधले. मालक न्यायला आला तर त्याच्याशी भांडले. एकदा पेरलेल्या रानात परत पाभर घालायला निघाले. आणि मग एक बांधाचा वाद आला. दोघं सख्खे चुलते-पुतणे आमच्या ओट्यावर आले. मामांनी सकाळी एक सांगितलं, दुपारी त्याच्या उलट. चुलत्यानं उठताना मामांच्या पायाला हात लावला, आणि पुतण्याला म्हणाला, “चल, आपलं आपन बघू.” त्यांनी वाद तिथंच आपसांत मिटवला. त्यानंतर साक्ष विचारायला कोणी आलं नाही, पण नमस्कार करायला पूर्वीसारखेच थांबायचे. गावाचे हे उपकार मी विसरले नाही.

मामा वाट चुकायला लागले तेव्हाही गावानंच सांभाळलं. वेशीपाशी एक नालबंद राहायचे, बैलांना नाल ठोकणारे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मामा नदीकडं चालत निघाले की चाचा हातातलं काम टाकायचे, त्यांच्या बरोबरीनं थोडं चालायचे, गोष्ट ऐकायचे आणि मग म्हणायचे, “चलो पाटील, रोटी ठंडी हो री.” मामा मुकाट मागं फिरायचे. एकच गोष्ट चाचांनी किती वेळा ऐकली असेल! दर वेळी “फिर?” म्हणून विचारायचे. पुढं निजामाच्या राज्याचे शेवटचे, वाईट दिवस आले. माणसं एकमेकांकडं संशयानं बघायला लागली. काही घरं कुलूप लावून वऱ्हाडाकडं निघून गेली. त्या दिवसांतही चाचा मामांचा हात धरून आमच्या दारापर्यंत यायचे आणि आत बसून पाणी पिऊन जायचे.

आम्हीही जावं असं यजमानांच्या मनात होतं. मोठ्याबाईंनी नको म्हटलं. “हितं भावजीला दार तरी सापडतंय. परक्या गावात काय सापडंल?” म्हणून आम्ही राहिलो.

याच काळात पुराची गोष्ट बदलली.

पहिल्यांदा ती मीच ऐकली. मी तुरीच्या शेंगा सोलत होते, मामा शेजारी बसले होते. गोष्ट सांगता सांगता उतार आला, लोंढा आला, गाडी कलंडली. मग मामा म्हणाले, “म्या नाडा कमरंला बांधला.”

मी थांबले. “मामा, थोरल्यांनी बांधला ना?”

“दादा काठावर हुता,” ते म्हणाले. अगदी साधेपणानं. पाय कापवून दाखवले नाहीत, हसवलं नाही. “पानी लय गार. तोंडात गाळ जायलाय. बाभळीचे काटे हातात घुसायलेत. वैनीचं मनगट धरलं तर ते निसटायलं.”

मी मनात चरकले. जुन्या गोष्टीत गार पाणी नव्हतं, गाळ नव्हता, काटे नव्हते. त्या गोष्टीत सगळं लांबून दिसत होतं. ही जवळून सांगितलेली होती.

घरात मात्र ही नवी गोष्ट कोणाला आवडली नाही. सासूबाईंना तर फार लागली. त्या मानी होत्या. नवऱ्याचं डोकं गेलं याचं दुःख त्यांनी गिळलं होतं, पण मेलेल्या दिराचं श्रेय आपला नवरा घेतो, आणि तेही त्याच दिराच्या विधवेसमोर, हे त्यांना सहन होईना. त्या मामांना आडोशाला नेऊन समजावायच्या. मामा हो म्हणायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच.

उन्हाळ्याच्या तोंडी जोंधळ्याची मळणी चालली होती. खळ्यावर सगळं घर होतं, शेजारची माणसं होती, चाचाही बैलाच्या खुराचं काही बघायला आलेले. कोणीतरी जुन्या सवयीनं म्हणालं, “पाटील, पुराची सांगा.” मामा खुलले. उतार आला, लोंढा आला.

“मंग म्या उडी टाकली—”

“पुरं करा!” सासूबाई ओरडल्या. हातातला खराटा त्यांनी खाली आपटला. “मेलेल्या मानसाचं तरी ठिवा काहीतरी! समोर वैनी हायत, जरा लाज वाटू द्या!”

 मामांनी सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. आपण काय चुकलो हे त्यांना कळेना. ते लहान मुलासारखे रडायला लागले. यजमान उठून त्यांना घेऊन जायला निघाले.

मोठ्याबाई वाऱ्याच्या बाजूला उपणत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदर नीट केला.

“बस,” त्या यजमानांना म्हणाल्या. मग सासूबाईंकडं वळल्या. “त्यांला बोलू नको, बाई. खरं सांगायलेत ते.”

कोणाला काही समजलं नाही. सासूबाई म्हणाल्या, “जाऊबाई, तुमी कामून पांघरून घालायलात?”

“पांघरून तवा घातलं हुतं. आज काढायले.” मोठ्याबाईंना एवढं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. “यांच्या भावाला पवता येत नव्हतं. पान्याचं भ्याव लय. ते काठावर बसून रडायलते. उडी भावजींनी टाकली. मला काठावर आनलं, पोटातलं पानी काढलं, आन् पयलं काय बोलले म्हाईत हाय? ‘वैनी, गावात दादाचं नाव सांगायचं.’ मी म्हनलं, कामून? तर म्हनले, ‘तुमाला दादासंगं जलम काढायचाय. गाव त्याला हसंल, मंग तुमीबी हसाल.’”

“आन् थोरले?” सासूबाईंनी विचारलं. “ते काई बोलले न्हाईत?”

“ते मरेपर्यंत एक शब्द बोलले न्हाईत. पन ताटं मांडली की मला सांगायचे, आदी धाकट्याला वाढ. तुजं लगीन झालं तवापासून तूच बगितलंस की.”

सासूबाईंनी ते पाहिलं होतं. थोरल्या भावाच्या आधी धाकट्याला वाढायची या घराची उलटी रीत त्यांना कायम खटकली होती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या क्षणी त्यांनी फक्त खाली पडलेला खराटा उचलला.

आता मला वाटलं, मामा काहीतरी बोलतील. आयुष्यभर दडवलेलं उघड झालं होतं. मामांनी डोळे पुसले, मोठ्याबाईंकडं पाहिलं आणि हलकेच हसून म्हणाले, “न्हाई वैनी. तुमी इसरल्या. तुमी बेसुद हुत्या, तुमाला कसं याद राहील? दादानं काढलं तुमाला. मी काठावर. मपले पाय असे लटलट…”

आणि उठून त्यांनी पाय कापवून दाखवले.

कोणी हसलं नाही. चाचांनी तोंड वळवून डोळ्यांना पागोट्याचं टोक लावलं. मामा त्या क्षणी पूर्ण शुद्धीत होते आणि भावाचं नाव राखत होते, की त्यांचं मन पुन्हा जुन्या वाटेवर घसरलं होतं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. यजमान म्हणायचे, शुद्धीत होते. सासूबाई म्हणायच्या, नव्हते. माझं मत कधी इकडं, कधी तिकडं झुकत आलं आहे.

त्या दिवसापासून सासूबाई बदलल्या. मामा कोणतीही गोष्ट सांगोत, त्या “व्हय, तसंच झालं” म्हणायच्या. मामांच्या गोष्टीत रोज दुपारी एक गाय विकली जायची आणि संध्याकाळी तीच परत विकत आणली जायची, सासूबाईंचं व्हय कायम. त्यांचा राग गेला आणि त्याबरोबर मामांची भीतीही गेली. शेवटच्या वर्षात ते फार सुखी होते, असं मी खात्रीनं सांगू शकते.

एका सकाळी ते पागोटं बांधून ओट्यावर येऊन बसले. पाहुण्यासारखे, अंग चोरून. मी पाणी दिलं.

“बाई, तुमी कोन्या गावच्या?”

“पोखर्णीकडची, जी.”

“आमी पोरगी बगायला निगालाव. मपल्या पोरासाठी. पोरगं चांगलं हाय, जरा कमी बोलतंय.” मग माझ्याकडं निरखून पाहत म्हणाले, “तुमाला वाचता येतंय का?”

“येतं.”

“लय चांगलं. घरात एक वाचनारं मानूस पायजे. येता का आमच्या घरी?”

मी म्हटलं, “येते की, मामा.”

“मामा म्हनायलीस? मंग ठरलंच!” ते खूश होऊन उठले आणि घरात जाऊन सासूबाईंना सांगायला लागले की पोरगी मिळाली. सासूबाई दारात आल्या, हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. “दुसऱ्यांदा पसंत पडलीस गं,” म्हणाल्या. “आता तर सुटका न्हाई.”

मामा थंडीच्या दिवसांत गेले, राज्य बदलायच्या आधीच्या हिवाळ्यात. झोपेतच गेले. खांदा द्यायला माणसं कमी पडतील अशी आम्हाला काळजी होती, कारण निम्मं गाव रिकामं होतं. पण आजूबाजूच्या वस्त्यांवरून इतकी माणसं आली की वाटेवर गर्दी झाली. ज्यांचे बांध मामांनी ठरवले होते त्यांचे मुलगे, नातू आले होते.

मी लिहायला लागले ते त्यानंतर. यजमान परभणीच्या बाजारातून कधीमधी एखादं जुनं मासिक आणायचे. त्यातल्या कथा मी दोनदोनदा वाचायची. छान असायच्या, पण त्यांतल्या सांगणाऱ्याला सगळंच ठाऊक असायचं. कोण चांगलं, कोण वाईट, कोण कशानं मेलं. मला वाटायचं, असा माणूस मी तर पाहिला नाही. मी पाहिलेला सांगणारा शहाणा होता तेव्हा खोटं सांगत होता, आणि विसरला तेव्हा खरं. आणि ते खोटंही असं, की त्याच्यावर कुणाचा तरी संसार उभा राहिला.

यजमानांकडून मी कागद आणि शाई मागितली. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही, पुढच्या बाजाराला आणून दिली. दुपारी सासूबाई मला म्हणायच्या, “जा, लिव्ह. निवडायचं मी बगते.” त्या काळात कोणत्या सुनेला सासूनं अशी दुपार दिली असेल?

पुराची गोष्टच लिहिली. बोलणारा ‘मी’, म्हातारा, डोकं सुटलेला. आधी तो म्हणतो दादानं काढलं, मग म्हणतो मी काढलं, शेवटी परत दादा. कथा मासिकाला पाठवली. बऱ्याच दिवसांनी संपादकांचं कार्ड आलं. भाषा चांगली आहे, पण निवेदक परस्परविरोधी बोलतो, तरी खरी हकीकत कोणती ते शेवटी एका वाक्यात स्पष्ट करावं. मी ते वाक्य लिहायला बसले. कितीतरी कागद वाया घालवले. शेवटी यजमान म्हणाले, “बाबांनी तरी कुठं स्पष्ट केलं?” मी आहे तशी कथा परत पाठवली, सोबत एवढंच लिहिलं की मला याहून जास्त ठाऊक नाही. त्या संपादकांचे मी आभार मानते, कारण त्यांचं मत बदललं नसतानाही त्यांनी ती छापली, आणि तेही खाली खुलाशाची टीप न देता.

अंक आमच्या हाती आला तेव्हा हैदराबादचं राज्य जाऊन थोडे महिने झाले होते. गेलेली घरं परत येत होती, कुलपं उघडत होती. मी अंक घेऊन मोठ्याबाईंजवळ बसले. त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, की तुमची गोष्ट लिहिली आहे, नाव कोणाचंच घातलं नाही.

“वाच,” त्या म्हणाल्या.

मी वाचत गेले. सुपातले त्यांचे हात थांबले होते. थोरल्यांचा भाग आला तेव्हा मी चोरून वर पाहिलं. त्यांचा चेहरा शांत होता. मग मी ते वाक्य वाचलं: काठावर आल्यावर वैनी माझ्या पायाशी बसून घळाघळा रडली.

“थांब,” मोठ्याबाई म्हणाल्या. “हे कुनी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. मला वाटलं, तुम्ही रडला असाल.”

“मी कशाला रडू? मला लय राग आलता. मायनं हिरवं लुगडं दिलतं, नवंकोरं, पयल्यांदा नेसले हुते. भावजीनं वढता वढता टराटरा फाडलं. मी शुद्धीत आले आन् पयल्यांदा त्यांला शिव्याच घातल्या.”

बोलता बोलता त्या हसायला लागल्या. इतकी वर्षं त्या घरात राहून मी त्यांना आवाज करून हसताना पहिल्यांदाच ऐकलं. आतून सासूबाई काय झालं म्हणून बघायला आल्या. मोठ्याबाईंनी त्यांनाही सांगितलं, लुगड्याचा काठ कसा होता, कोणत्या शिव्या घातल्या, आणि मामा चिंब भिजलेले उभे राहून त्या शिव्या कसे ऐकत होते. मग दोघी जावा मिळून हसल्या.

पुढं माझं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा मी ते रडणं काढून टाकलं आणि शिव्या घातल्या. सगळ्या नाही. दोन-तीन मोठ्याबाईंनीच नको म्हटल्या.